पाणी उकळून प्या

दुपारी एकच्या बातम्या संपवून निवेदक चेहऱ्याची पावडर पुसत होता, तेवढ्यात आईचा फोन आला. ती हसत होती.

"आज कमाल केलीस," ती म्हणाली. "पाण्याचं ऐकून शेजारच्या काकूंना तर हसू आवरेना."

"आई, ती बातमी खरी आहे. शुद्धीकरण केंद्रात बिघाड झालाय. तीन दिवस पाणी उकळून प्यायचं."

"तेच म्हणतेय मी. चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाहीस." आणि तिने फोन ठेवला.

निवेदक बावीस वर्षं बातम्या वाचत होता. त्याच्या आवाजाला असं काही वजन होतं, की घरात "जेवायला वाढ" म्हणाला तरी कुणीतरी दगावल्यासारखं वाटे. पण गेल्या वर्षी दुसऱ्या वाहिनीवर संध्याकाळी साडेसातला खोट्या बातम्यांचा कार्यक्रम सुरू झाला. तो करणाऱ्याला सगळं शहर 'नकल्या' म्हणे. नकल्याने निवेदकाचा निळा कोट उचलला, कागद टेबलावर आपटून सारखे करायची लकब उचलली, आवाजही उचलला. रोज तो गंभीरपणे म्हणे, "ही बातमी खरी आहे," आणि मग एक लोणकढी थाप ठोकून देई. गेल्याच आठवड्यात त्याने सांगितलं होतं, की सोमवारपासून नळाला लिंबाच्या चवीचं पाणी येणार. सोमवारी सकाळी लोकांनी नळाचं पाणी चाखून पाहिलं होतं. त्यामुळे आता नळाविषयी कुणी काही बोललं, की लोक आधी हसून घेत.

संपादकबाईंनी ताबडतोब पडद्याखाली पट्टी सोडायला लावली. लाल पट्टीवर पांढरी ठसठशीत अक्षरं: 'ही बातमी खरी आहे.' अर्ध्या तासात खाली प्रेक्षकांचे फोन घेणारी बाई वर आली.

"दीडशे फोन आलेत," ती म्हणाली.

"लोक काय म्हणतायत?"

"अभिनंदन. नकल्याला त्याच्याच भाषेत उत्तर दिलंत म्हणतायत."

मग पाणी विभागाच्या मुख्य अभियंत्यांनाच स्टुडिओत आणून बसवलं. सडपातळ गृहस्थ, पण मिशा भरघोस. जन्मात कधी कॅमेऱ्यासमोर बसले नव्हते. दिव्यांच्या उष्णतेने घाम फुटला, आणि ते बोलता बोलता सारखी मिशी दाबू लागले. नट बरा आहे, पण मिशी नीट चिकटवायला हवी होती, असं प्रेक्षकांनी कळवलं. अभियंत्यांनी तो निरोप दोनदा वाचला. मग मेकअपच्या खोलीत जाऊन त्यांनी आरसा मागितला.

चार वाजता निवेदकाच्या बायकोचा फोन आला. "अहो, आईंना उलट्या होतायत. दवाखान्यात आणलंय. तुम्ही निघा."

दवाखान्यात बाकं भरली होती, माणसं जिन्यावर बसली होती. डॉक्टरीणबाईंनी त्याला ओळखलं आणि बाजूला घेतलं. "तुमच्या बातमीनंतर पेशंट वाढलेत," त्या म्हणाल्या. "लोक नळाचं पाणी ग्लासात घेऊन फोटो काढतायत आणि वर पितायत. गंमत म्हणून."

आई भिंतीकडच्या खाटेवर होती. हाताला सलाईन, ओठ कोरडे पडलेले. तो दिसताच तिने विचारलं, "खरंच सांगत होतास?"

"हो."

"मग तसं सांगायचं ना."

"तसंच सांगितलं होतं, आई."

"पूल भक्कम आहे म्हणालास, तेव्हाही हाच आवाज होता," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. आठवलं म्हणून बोलली.

निवेदक खाटेच्या कडेला बसला. दोन वर्षांपूर्वी बांधकाम विभागाचा कागद आला होता: पूल भक्कम आहे, काळजीचं कारण नाही. त्याच दिवशी एका तरुण वार्ताहराने पुलाच्या तड्यांचे फोटो त्याच्या टेबलावर आणून ठेवले होते. फोटो बाजूला सारून त्याने कागद वाचला. आठव्या दिवशी पुलाचा कठडा नदीत पडला. कुणी मेलं नाही, हे नशीब. त्या वार्ताहराने नोकरी सोडली आणि पुढे तोच नकल्या झाला.

सहा वाजता निवेदक नकल्याच्या स्टुडिओत पोहोचला. नकल्या निळा कोट घालून आरशासमोर आवाज घोटत होता. याला पाहताच जुन्या सवयीने उठून उभा राहिला.

"बसा, सर."

"माझी आई दवाखान्यात आहे," निवेदक म्हणाला. "आज रात्री लोकांना सांग, पाणी उकळा. ते तुझं ऐकतात."

"ऐकतात, पण हसायला. मी उकळा म्हटलं तर हसतील आणि आणखी एक ग्लास पितील." त्याने कोट काढून खुर्चीवर टाकला. "मला खरं बोलायची सोयच राहिली नाही, सर."

"मग उलटं सांग. 'पिऊ नका' म्हणायचं तिथे 'प्या' म्हण."

"आणि एखाद्याने ते खरं मानलं तर?"

बाहेर प्रेक्षक खुर्च्यांवर बसू लागले होते. शेवटी निवेदकच म्हणाला, "मी वाचतो. माझ्या तोंडून ऐकल्यावर कुणाला शंका उरणार नाही."

साडेसातला तो नकल्याच्या टेबलामागे बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने कागद आपटून सारखे केले आणि वाचायला सुरुवात केली. "नळाचं पाणी शुद्ध आहे. काळजीचं कारण नाही. पूल भक्कम आहे असं मी याच आवाजात सांगितलं होतं. तड्यांचे फोटो तेव्हा माझ्या टेबलावर होते. पाण्याविषयीही तितक्याच खात्रीने सांगतोय."

पहिल्या वाक्याला हसू आलं, दुसऱ्यालाही. मग ते आटलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी हातातल्या बाटलीचं झाकण लावलं आणि बाटली पायाशी ठेवली. त्या रात्री शहरात घरोघरी पाणी उकळलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातली गर्दी कमी झाली, तिसऱ्या दिवशी आई घरी आली.

चौथ्या दिवशी पाणी विभागाचा कागद आला: दुरुस्ती पूर्ण झाली, पाणी पिण्यास योग्य आहे. निवेदकाने कागद तसाच ठेवला आणि टॅक्सी करून केंद्रावर गेला. टाक्या पाहिल्या, तपासणीचे आकडे स्वतः उतरवून घेतले, दुसऱ्या प्रयोगशाळेत विचारून खात्री केली आणि नळाखाली ओंजळ धरून पाणी प्यायला. बावीस वर्षांत एखादी बातमी पडताळायला तो पहिल्यांदाच खुर्चीतून उठला होता. एकच्या बातम्यांत त्याने ते सगळं सांगितलं. वाचून झाल्यावर त्याला फार बरं वाटलं.

संध्याकाळी घरी आला तर स्वयंपाकघरात वाफ कोंडली होती. आई गॅससमोर उभी होती.

"आई, आजच्या बातम्या ऐकल्या नाहीस?"

"ऐकल्या ना," आई म्हणाली. "म्हणून तर मोठं पातेलं चढवलं."

निवेदक आत आला. मग त्याने फळीवरचं झाकण काढलं आणि पातेल्यावर ठेवलं.