चहा, कात आणि एकाहत्तरचा कोट

खट्ट.

दुपारच्या गप्प घरात पत्र्याच्या ट्रंकेची कडी वाजली आणि तांदूळ पाखडणाऱ्या शिवांजलीच्या हातातलं सूप कललं.

"पोरी, ट्रंकंची चावी कुठं हाय गं?" आतून सासऱ्यांचा आवाज आला. "सोळा डिसेंबरला, इजय दिवसाच्या झेंड्याला, लढाईतला कोट घालून या म्हणत्यात शाळंचं गुरुजी."

"बघते आबा. हितंच कुठंतरी आसंल."

चावी तिच्या कमरेलाच होती. कोट मात्र ट्रंकेत नव्हता. डांबरगोळ्यांचा वास मारणारा, कसर लागलेला तो कोट तिनं दिवाळीच्या झाडलोटीत तीन जुन्या साड्यांबरोबर भांडेवालीला देऊन टाकला होता. बदल्यात जाड बुडाची पातेली घेतली होती. वर हुज्जत घालून एक चमचाही मिळवला होता.

हंबीरराव, म्हणजे आबा, विमानातून छत्रीनं उडी घेणाऱ्या पलटणीतले. एकाहत्तरच्या लढाईबद्दल ते कधी चार वाक्यं सलग बोलले नव्हते. त्यांच्याकडं त्या दिवसांचं होतं काय, तर तो कोट. तो आपण पातेलीला घातला, हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं? नवरा जम्मूला. ती उठली आणि शेजारच्या शिलाईवाल्या मंगलकडं गेली.

"त्यात काय येवढं?" मंगल म्हणाली. "लोणंदच्या बाजारात मिल्ट्रीचा जुना माल ढिगानं पडलेला आसतोय. आन एक."

"आगं, पन त्याची नक्षी आत्ताची. आबांचा येगळा हुता. मातकट कापडावर खराट्यानं फटकारं वडल्यावानी."

"फटकाऱ्यांचा रंग कसला?"

"पार इटून गेल्ता, ध्यानात न्हाई."

दोघींनी येऊन भिंतीवरचा फोटो पाहिला. कोट, मिशा, मागचा पडदा, सगळं काळंपांढरं.

शिवांजलीनं संध्याकाळी आडून विचारलं, "आबा, तवाच्या कोटाचा रंग कसला वं?"

"चिखलाचा."

"कसल्या चिखलाचा?"

"तिथल्या."

एवढ्या माहितीवर काम सुरू झालं. पाच वर्षांची लेक संयोगिता बालवाडीत जायची तेवढाच वेळ हाताशी. लोणंदहून आणलेल्या कोटाची नक्षी घालवायला शिवांजलीनं तो ब्लीचिंग पावडरीत भिजवला. निघाला तेव्हा पिकलेल्या पेरूच्या गरासारखा गुलाबी झाला होता.

"ह्यो घालून कोन लढंल गं?" मंगल म्हणाली. "वरातीत नाचाय बरा हाय."

मग चहा पावडर आणि कात उकळून त्यात कोट बुडवला. मोठं भांडं एकच होतं, भांडेवालीची पातेली. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले म्हणून चहाही तिच्यातच झाला.

आबांनी घोट घेतला. "चहाला आज पानाची चव हाय."

"नवी पावडर हाय, आबा."

राहिले फटकारे. खराट्यानं ते ओरखडे दिसत होते. हाताशी मऊ असं काही सापडेना, तेव्हा तिनं मोरीतला आबांचा दाढीचा ब्रश उचलला. हिरवे, तपकिरी फटकारे असे सुरेख उमटले की ती स्वतःवरच खूश झाली. ब्रश तीनदा धुतला.

तीनदा पुरला नाही. सकाळी आबांच्या गालांवर हिरवा फेस आला. आबांनी आरशात पाहिलं, ब्रशाकडं पाहिलं, मग सुनेकडं.

"साबन बदललाय का गं?"

"व्हय, आबा. कडुलिंबाचा हाय."

तेवढ्यात हिरव्या तळव्यांची संयोगिता मधे येऊन ठासून म्हणाली, "आई कोट रंगवत न्हाई, आबा!"

आबांनी त्याच फेसानं दाढी उरकली.

सोळा तारखेला शिवांजलीनं घडी केलेला कोट त्यांच्या हातात दिला. आबांनी तो उलटसुलट पाहिला आणि अंगात घातला. झेंड्याखाली ऊन कडक, सरपंचांचं भाषण लांब. सलाम ठोकून उभ्या आबांच्या मानेवरून एक हिरवा ओघळ निघाला आणि पांढऱ्या कॉलरीत शिरला. गुरुजी माईकवर म्हणाले, "या कोटाला अजून रणांगणाची माती आहे!" शिवांजली बायकांच्या रांगेत मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली.

घरी येऊन आबांनी कोट काढला. बनियनवर सगळे फटकारे जसेच्या तसे उठले होते. तिचा धीर सुटला.

"आबा, चुकलं माझं. कोट मी भांडेवालीला दिला."

"हिरव्या फेसानं दाढी केली तवाच कळलं." आबा बनियनकडं बघून हसले. "तुझ्या सासूचाबी आसाच सुटायचा."

"काय?"

"तू दिलास त्योबी सोंगाचाच हुता, पोरी. खरा आमच्या पलटनीतल्या आकारामाच्या अंगावर ऱ्हायला. गोळी लागली हुती. थंडी वाजतीया म्हनाला, म्हनून मी माझा कोट त्याला पांघारला. सुट्टीवर आलो, तर परत गेल्यावर पलटनीत कोट दाखवाय पायजे. मग तुझ्या सासूनं एक जुना कोट पैदा केला आन् चहा-कातात बुडीवला. तिनं खराटा घेतला, तू माझा ब्रश. येवढाच फरक."

"आन् भिंतीवरचा फोटो?"

"तिच्याच कोटातला. म्हनून तर बरं, काळापांढरा हाय."

शिवांजलीला हसू आलं, आणि त्यातच रडू. "म्हंजी सासूबाईंच्या हातचा कोट मी पातेलीला घातला!"

"रडू नगंस. तिचा इटला हुता. ह्यो मला आता मरस्तवर पुरंल. फकस्त धू नगंस."

आबा चूळ भरायला मोरीकडं गेले. संयोगितानं खाटेवरचा कोट ओढून अंगाभोवती गुंडाळला. तो तिच्या पायांपर्यंत आला. मग तिनं आईचा पदर ओढला.

"आई, मग त्या आकारामआबांची थंडी गेली का गं?"