गाडी एक, किल्ल्या सर्वांच्या

सत्ता एका हातात एकवटली की सडते, हे मी कॉलेजात राज्यशास्त्राच्या वर्गाला आठवड्यातून चार तास सांगतो. (वर्ग ऐकतो असं माझं म्हणणं नाही.) हे तत्त्व घरात अमलात आणायची संधी मला बायकोच्या मोटारसायकलने दिली.

गाडी डोंगरात, चिखलात चालणारी. उंच, हडकुळी, उभी राहिली तरी पळायच्या तयारीत असल्यासारखी. बायकोने ती हौसेने नाही, नोकरीसाठी घेतली होती. पाणी-सर्वेक्षणाच्या ऑफिसात डोंगरातले झरे मोजायची जागा निघाली होती. लेखी परीक्षेत ती पहिली आली. आता एकच पायरी उरली होती: मंगळवारी सकाळी अकराला स्वतःची गाडी घेऊन हजर व्हायचं आणि कच्च्या रस्त्यावर चालवून दाखवायची. गाडी नाही तर नोकरी नाही.

आणि त्याच आठवड्यात शेजारच्या इमारतीतली स्कूटर गेली.

मी एक कुलूप आणायचं ठरवलं. एकच. पण आणण्याआधी मी वाचलं (माझा घात नेहमी वाचनानेच होतो) की असल्या हलक्या गाड्या चोर चालवत नेतच नाहीत. दोघं मिळून उचलतात आणि टेम्पोत टाकतात. म्हणून मागच्या चाकातून साखळी ओवून ती जिन्याखालच्या खांबाला बांधली. मग वाटलं, साखळी कापली तर? पुढच्या डिस्कला दुसरं कुलूप घातलं. मग वाटलं, चोरांनी पुढचं चाकच काढून ठेवलं तर? चाक आणि चौकट मिळून तिसरं.

बाबा बँकेत रोखपाल होते. ते म्हणाले, "आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या असत. दोन माणसांकडे. एकट्याला उघडताच यायची नाही."

बाबांनी हे नुसतं सांगितलं होतं. मी त्याची राज्यघटना केली. साखळीची किल्ली माझ्याकडे, डिस्कची बाबांकडे, तिसरी आईकडे आणि गाडीची बायकोकडे. चौघं हजर असल्याशिवाय कोणी आपली किल्ली बाहेर काढायची नाही. शिवाय जादा किल्ल्या तासभर दूर असलेल्या कॉलेजातल्या माझ्या कपाटात.

"आणि मला घाईत जायचं असलं तर?" बायकोने विचारलं.

"लोकशाहीत घाई चालत नाही," मी म्हणालो. (हे वाक्य तिने पुढे आठ दिवस मला ऐकवलं.)

मंगळवारी दहा वाजता ती हेल्मेट घेऊन खाली उतरली. ऑफिस वीस मिनिटांवर. मी बाबांकडे गेलो.

"बाबा, डिस्कची किल्ली."

"बाकीचे कुठायत?"

"ती खाली आहे, मी इथे आहे."

"आणि आई?"

आई दाताच्या डॉक्टरकडे होती. मी फोन लावला. पलीकडून "आं आं" एवढंच आलं. मग डॉक्टरच बोलले, "त्यांचं अर्धं तोंड बधिर आहे. त्या म्हणतायत, किल्ली पर्समध्ये आहे. पर्स मांडीवर आहे. आणि मांडी अजून तासभर इथून हलत नाही."

"बघा बाबा, आता अपवाद करा," मी म्हणालो.

"तेहतीस वर्षांत केला नाही," बाबा म्हणाले आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं. "नियम तुझा आहे, पोरा. मी नुसता पाळतोय."

तेवढ्यात बायकोची खालून हाक आली, "तुझी तरी काढलीस का?"

माझी किल्ली. तिची जागा मी रोज बदलत असे, म्हणजे घरात कुणी पाळत ठेवली तरी पत्ता लागू नये. तो मला स्वतःलाही लागेना. पुस्तकांमागे पाहिलं, घड्याळामागे पाहिलं, पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. पांढऱ्या हाताने खाली आलो तेव्हा दहा वाजून अठरा मिनिटं झाली होती. बायको नुसती घड्याळाकडे पाहत राहिली, आणि त्यापुढे माझी सगळी घटना मला चुरगळलेल्या कागदासारखी वाटली. परीक्षेसाठी सहा महिने पहाटे उठलेली बाई होती ती.

मी कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला पळतच घेऊन आलो.

त्याने आधी गाडीचे कागद मागितले. (माझा माणुसकीवरचा विश्वास तेवढ्यापुरता परत आला.) मग कुलुपं पाहून म्हणाला, "ही कुणी सुचवली?"

"इंटरनेटवर फार चांगली म्हणून लिहिलंय."

"हो, आम्हालाही फार आवडतात."

एक वाकडी तार काढली आणि आपल्या गुडघेदुखीची गोष्ट सांगता सांगता तिन्ही उघडली. एकूण सात मिनिटं. "चोराला लवकर जमलं असतं," तो दिलगिरीने म्हणाला. "त्याला घाई असते."

गॅलरीतून बाबा पाहत होते. "बँकेत याला दरोडा म्हणतात," त्यांनी वरून सांगितलं.

बायकोने कागद ठेवायला सीट उचलली. खाली हत्यारांच्या कप्प्यात माझी किल्ली होती. चोर सगळं घर शोधेल, पण गाडीत शोधणार नाही, असा विचार मी केला होता. बायकोने ती माझ्या पिठाळ तळहातावर ठेवली, किक मारली आणि गेली.

अकराला दोन मिनिटं कमी असताना ती पोचली. कच्चा रस्ता तिने असा कापला म्हणे की चाचणी घेणारे साहेब खुर्चीतून उठले. मग त्यांनी विचारलं, धाप का लागलीय? तिने सगळं सांगितलं. सगळं म्हणजे घटनेसकट.

आठ दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं. छापील अटी सहा होत्या. खाली साहेबांनी स्वतःच्या हाताने सातवी लिहिली होती: "वाहनाच्या सर्व किल्ल्या उमेदवाराने स्वतःजवळ ठेवाव्यात. घरातील सुशिक्षित व्यक्तींकडे देऊ नयेत."

बाबांनी ती ओळ दोनदा मोठ्याने वाचली. दुसऱ्यांदा उभं राहून.