रिकाम्या पोटी एक गोळी

श्रावणरावांना राग येत नसे, हे घरच्यांचं जुनंच दुखणं होतं. लेकीला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायला ते दोनदा दिग्रसजवळच्या तिच्या सासरी गेले, आणि दोन्ही वेळा "कापूस वेचाले माणूस नाही, इवाई" हे व्याह्यांचं म्हणणं पटून परत आले. आता सत्यशीलेला आठवा लागला होता.

"या खेपेले पोरीबिगर आले त घरात पाय ठेवू नका," तुळसाबाईंनी नवऱ्याला बजावलं.

त्यात श्रावणरावांना स्वतःचंही एक दुखणं जडलं होतं. नेरच्या डॉक्टरांनी त्यांच्या गळ्याभोवतीची आणि हातांवरची काळी पडून सोललेली कातडी पाहिली, जीभ पाहिली आणि विचारलं, "खाता काय?"

"ज्वारीची भाकर अन् तिखट-मीठ."

"डाळ? दूध?"

"सणावाराले."

"अहो, डाळीत, दुधात ट्रिप्टोफॅन नावाचा पदार्थ असतो. त्यातून शरीर एक जीवनसत्त्व घरच्या घरी तयार करतं. नुसत्या ज्वारीवर राहिलात तर ते पुरेसं बनायचं कसं? डाळ खा. आणि ही गोळी दिवसातून तीनदा, एकही चुकवायची नाही. पण जेवल्यावरच घ्या हं, नाहीतर अंगाची आग होईल."

श्रावणराव म्हणजे डॉक्टरांचा शब्द खाली पडू न देणारा माणूस. गोळ्या सुरू केल्याच्या सातव्या दिवशी दुपारी ते व्याही मारोतरावांना जयभीम घालून त्यांच्या ओसरीवर टेकले, आणि गोळीची वेळ झाली. आली का पंचाईत! लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरी जेवत नाही, आणि गोळी तर चुकवायची नाही. शेवटी त्यांनी तांब्याभर पाणी पिऊन आपलं पोट भरलं असं स्वतःला समजावलं आणि गोळी गुपचूप गिळून टाकली.

थोड्या वेळाने मारोतराव जेवून बाहेर आले. "त इवाई, मी काय म्हंतो, वेचणी संपू द्या, मंग न्या पोरीले."

"व्हय" म्हणायला श्रावणरावांनी तोंड उघडलं, आणि कानाच्या पाळ्या एकदम पेटल्या. पाहता पाहता गाल लालभडक झाले. अंगभर सुया टोचायला लागल्या. व्याह्याच्या ओसरीवर खाजवत तरी कसं बसायचं? ते दात आवळून, मुठी वळून गप्प राहिले.

मारोतराव चपापले. या माणसाचं असं तोंड त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. "बरं, पुढच्या हप्त्यात न्या. मंग त झालं?"

लाली गळ्यावर उतरली. श्रावणरावांनी टोपी काढून खाली आपटली.

"परवा! परवा नक्की!" मारोतराव घाईघाईने म्हणाले.

आग छातीत शिरली तसे श्रावणराव ताडकन उठले आणि कोटाची बटणं काढू लागले. मारोतराव मागे सरकत सरकत भिंतीला लागले. आतून विहीण प्रभावतीबाई धावत आल्या.

"काहून अडवून राह्यले हो त्याईच्या पोरीले? इतका गरीब माणूस, पाहा कसा कावला! सत्यशीले, बांध वो गाठोडं! आत्ताच जाय!"

मारोतरावांनी स्वतः बैलगाडी जुंपून बापलेकीला फाट्यावर सोडलं आणि मागे वळूनसुद्धा न पाहता गाडी हाकली. एस.टी. यायला वेळ होता. तोवर श्रावणरावांची आग विझली, रंग मूळपदावर आला, आणि मन मात्र त्यांना खायला लागलं.

"पोरी, मी रागावलो नोतो वो. गोळीनं आग झालती. इवाई बिचारे उगाच भेले. तू बैस इथं, मी जाऊन त्याईले खरं काय ते सांगून येतो. ऐन वेचणीत हाल होतीन त्याईचे." आणि ते खरोखरच चालू लागले.

सासरी कधी वर मान करून न बोललेली सत्यशीला पोट सावरत उठली.

"बाबा! एक पाऊल पुढं टाकलं त याद राखा! तीन खेपा वाट पाह्यली मी तुमची! बसा खाली!"

श्रावणराव मुकाट्याने खाली बसले. जरा वेळाने त्यांनी लेकीकडे चोरून पाहिलं. तिचा चेहरा कानापर्यंत लालबुंद झाला होता, आणि ती तर चांगली पोटभर जेवून निघाली होती.