मोघेसरांची टक्कर शून्य

लग्नात पंगतीला बसण्याआधी मोघेसर मंडपाचे खांब बघतात. एखादा खांब वाढप्यांच्या वाटेत आला, की झालं! "ये टक्कर है भैया, खंबा हटाओ." जेवण राहतं बाजूला. नई सडकेवर कुणाचं शटर पाटीला घासलं, तरी हा गृहस्थ आत जाऊन दुकानदाराला शिकवतो. मी बरोबर असतो, म्हणजे निम्म्या शिव्या माझ्या.

आम्ही दोघं बांधकाम व्यवस्थापनाच्या मुलांना संगणकावर इमारत उभी करायला शिकवतो. भिंत, खिडकी, पाइप, सगळं आधी पडद्यावर. दोन वस्तू एकमेकींत घुसल्या की लाल ठिपका येतो. एक ठिपका दिसला की मोघेसर सरळ भोपळा देतात. "टक्कर शून्य! पडद्यावर पाइप एका बोटानं सरकतो, साइटवर भिंत फोडावी लागते."

मुलं रडकुंडीला येऊन माझ्याकडे. "सर, आप ही समझाओ ना उनको." मी काय समजावणार, कपाळ!

यंदा आमचे दोन विभाग एक झाले. प्रमुख आम्ही दोघं, खुर्ची एक. समितीपुढे ज्याचं मॉडेल निर्दोष, वर्ग त्याचा. दुसऱ्यानं रेकॉर्डची खोली सांभाळायची. माझं मॉडेल जेमतेम होतं, लाल ठिपका नव्हता एवढंच. खरं सांगतो, मी थकलो होतो, खोलीची चावी घ्यायची तयारीही केली होती.

मोघेसरांनी शिंदे की छावनीतलं स्वतःचं दोन खोल्यांचं घर पडद्यावर उभं केलं, अगदी स्विचबोर्डासकट. समितीनं तपासणी लावली आणि दारापाशी लाल ठिपका! दार पलंगावर आदळत होतं. मागे मुलं खूश.

"सुधारा, थांबतो आम्ही," समितीतले एक जण म्हणाले.

मोघेसर हलेनात. मी कानाशी लागलो, "अहो, सरकवा ना पलंग हातभर!"

"नाही सरकत. आमची ही गेली तीन वर्षं त्यावर पडून आहे. खिडकी तेवढी एकच, पलंग तिथं असला तरच रस्ता दिसतो तिला."

"पण हे पडद्यावर हो! एका बोटाचं काम."

"पडद्यावरसुद्धा तिला भिंतीकडे तोंड करून नाही ठेवायचं मला."

तीन वर्षं शेजारच्या टेबलावर बसून मला हे ठाऊक नव्हतं. फार लाज वाटली.

वर्ग मला मिळाला. परवा त्यांच्या घरी गेलो. दार ढकललं, ते अर्ध्यावर अडलं. आतून वहिनींचा आवाज आला, "तिरके या हं भाऊजी. हे रोज तसेच येतात."