कासूच्या बाकावरचा समाजवाद

शांतारामकाका म्हात्र्यांच्या कारखान्यात गणपती ठरवायला गेलेल्या माणसाला आधी आपलं राजकीय मत सांगावं लागे. मूर्ती केवढी हवी, हे काका नंतर विचारत.

"लोकशाही समाजवादी की सोशल डेमोक्रॅट?"

"दोन्ही चालतील काका, फक्त सोंड डावी पायजे," असं गिऱ्हाईक भोळेपणानं म्हणे आणि तासभर अडकून पडे. काका हाताची माती पुसून समोर बसत. "दोन्ही कसं चालंल? सोशल डेमोक्रॅट मालकाला ठेवतो. त्याच्याकडून कर घेतो, मजुराला पगार, दवाखाना, पेन्शन देववतो आणि निवांत झोपतो. आम्ही म्हणतो, मालकीच सगळ्यांची पायजे. बंदुकीनं नाय, मतानं. पण मालकी!"

मी त्यांचा पेणमधला शेजारी. माझ्या मुलांना ही व्याख्या पाढ्यांच्या आधी पाठ झाली.

काकांचा दोष एवढाच, की ते बोलत तसं वागत. वडिलांकडून आलेला कारखाना त्यांनी सगळ्या कारागिरांच्या समान मालकीचा केला. पितांबराचा रंगसुद्धा मतदानानं ठरे. एका वर्षी ठराव आला, की डोळ्यांची आखणी एकट्या कारागिरानं करणं ही मक्तेदारी आहे, सगळ्यांना पाळी मिळावी. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. माती मळणाऱ्यांपासून हिशेब लिहिणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी कुंचला धरला. त्या वर्षीचे गणपती मोदकाचा भाव नुकताच ऐकल्यासारखे दिसत होते.

"काका, बाप्पा आमच्याकडं बघतच नाय हो," एक बाई म्हणाल्या.

"तो तुझ्या एकटीचा नाय गो बाय. सगळ्यांकडं बघतो."

काकांचा विरोधी पक्ष रोह्याला राहत होता. त्याचं नाव दिगूभाऊ. तरुणपणी दोघं एकाच पक्षाच्या एकाच शाखेत होते. याच मुद्द्यावर शाखा फुटली. फुटण्याइतकी माणसं तिच्यात नव्हती, तरी फुटली. दिगूभाऊंची भातगिरण होती. कामगारांना बोनस, पोरांची फी, औषधपाणी सगळं ते देत. गिरण मात्र स्वतःची.

दिगूभाऊंनी पेणला येणं म्हणजे शरणागती आणि काकांनी रोह्याला जाणं म्हणजे पक्षांतर. म्हणून रविवारी दोघं आपापल्या गावाहून मधल्या कासू स्टेशनवर उतरत आणि फलाटावरच्या बाकावर बसून भांडत. मी कधीमधी सोबत जाई.

"गिरणीची किल्ली कोणाच्या कमरेला, दिगू? तेवढं सांग."

"माझ्या. म्हणून गिरण वेळेवर उघडते. तुमच्याकडं किल्ली कोणी ठेवायची, त्यावर मतदान चालू हाय ना अजून?"

"तू मालक बरा हायस, म्हणून चाललंय. तुझ्यामागं काय?"

"म्हणून तर कायदा पायजे म्हणतो! माझ्या चांगुलपणावर कशाला सोडतोस?"

निवडणुकीत दोघं एकाच चिन्हावर शिक्का मारत. उमेदवाराचं डिपॉझिट जाई. ते कोणाच्या विचारसरणीमुळे गेलं, हा विषय मग पुढची निवडणूक येईपर्यंत पुरे. पेण ते रोहा या सगळ्या टापूत या प्रश्नाची गरज फक्त या दोघांना होती.

एका रविवारी दिगूभाऊ आले नाहीत. दुसऱ्या दिवशी निरोप आला, की त्यांना अर्धांगवायूचा झटका आलाय आणि वाचा गेली आहे. काकांनी सदरा चढवला आणि थेट रोह्याचं तिकीट काढलं. मीही सोबत निघालो. गाडीत ते एवढंच म्हणाले, "आता माझं चुकतंय, हे मला सांगणार कोण?"

दिगूभाऊ रोह्याशेजारी वरसे गावात लेकीच्या घरी होते. काका खाटेजवळ स्टूल ओढून बसले आणि बसल्या बसल्या सुरू झाले. मालकी, मजूर, मतपेटी. मग सवयीनं उत्तरासाठी थांबले. दिगूभाऊ नुसते बघत होते.

काकांनी घसा खाकरला. "तू म्हणशील, माणसाला ताप आज आलाय, त्याला गोळी आज पायजे. मालकी बदलंपर्यंत त्यानं जगायचं कसं? आधी दवाखाना, मालकीचं मागाहून बघू. हेच म्हणशील ना?"

दिगूभाऊंची बाजू इतकी चोख खुद्द दिगूभाऊंनीही कधी मांडली नव्हती.

"आणि याच्यावर माझ्याकडं उत्तर नाय, दिगू," काका खाली बघत म्हणाले. "जिंकलास तू."

दिगूभाऊंचा चेहरा लाल झाला. डावी मूठ खाटेवर आपटली. तोंडातून कसाबसा आवाज आला, "ना... ना..."

लेक धावत आली. "बाबा, काय होतंय? कुठं दुखतंय का?"

"दुखत नाय गो त्याचं काय," काका म्हणाले. "मी लबाडी केली, ती पकडली त्यानं."

त्यांनी स्टूल आणखी जवळ घेतलं. खांद्यावरच्या पंच्यानं मित्राच्या ओठांच्या कडेची लाळ हलकेच टिपली.

"बरं, हाय उत्तर माझ्याकडं," ते म्हणाले. "पण आवडायचं नाय तुला. समज, तू दवाखाना काढलास, चांगलं केलंस. तो उद्या बंद करायचा हक्क कोणाकडं ठेवलास?"

दिगूभाऊंची मूठ सैल झाली. ते ऐकू लागले.