विमानतळीचा चहा स्टेशनास पावला त्याची हकीकत

श्रीसिद्धेश्वराचे स्मरण करोन, लातूर मुलुखी चहाचे एक राज्य कैसे बुडाले आणि कैसे पुन्हा उभे राहिले, हे जैसे घडले तैसे लिहितो; श्रोतीं चित्त द्यावे.

ऐसियास, साल दुष्काळाचे, मांजरेचे धरण तळास गेलेले, आणि उदगीरकर नव्या जिल्ह्याची मसलत करीत बसलेले. ते समयी विमानतळाचे वेशीवर वीरण्णा हॉटेलवाले व त्यांचे कुटुंब गौरम्मा यांचा अंमल बेलाशक चालत होता. राजधानीहून विमान उतरे आणि पुढारी, गुत्तेदार, जावई सकळ त्यांचे चहाचे मांडलिक होत. मग नांदेडाहून लातुरावरून राजधानीस जलद गाडी सुरू जाहली, आणि विमानातील सरदार एकेक करोन गाडीस फितूर जाहले, आणि एके दिवशी विमान आलेच नाही. नांदेडचे विमानतळीही हेच वर्तमान. वीरण्णा बहुत कष्टी जाहले. कपबशा मांडोन आभाळ न्याहाळीत बसत. तेथे ना विमान ना ढग.

मग गौरम्मांचा हुकूम सुटला की, गिऱ्हाईक रुळावर गेले, आपणही जावे. स्टो, किटली, भज्यांची कढई ऐसा तोफखाना हातगाड्यावर चढवोन स्वारी स्टेशनास दाखल जाहली. तेथील पिढीजाद ठाणेदार नरसिंग चहावाले यांनी बाकडे आडवे घालोन ताकीद दिली की, ये जागी दुसरी किटली चढणार नाही. परंतु त्यांची चूल थंड, पिंप कोरडे. टँकर आलाच नव्हता, आणि उतारू तहानलेले तैसेच गाडीत चढत होते. नरसिंग मान खाली घालोन उभे.

वीरण्णांनी गौरम्मांचे कानी सल्ला दिला की, चार दिवस वेढा घालावा, ठाणे आपसूक पडेल. आपले हॉटेलामागील बोअरास अद्याप पाणी आहे. गौरम्मांस ते रुचले नाही. पुढे होवोन बोलल्या,

“बाकडं सरकवा, नरसिंगभाऊ. तहानलेल्या मानसाशी कसली लढाई? पानी आमचं, जागा तुमची, च्या दोघांचा.”

नरसिंगांनी खलबत्ता पुढे ओढला. मग म्हणाले, “आलं मी कुटतो.” आणि बाकडे सरकले.

दुसरे दिवशी देवणी बैलांचे गाडीवर बोअरचे पाण्याची पिंपे आली, आणि गाडी फलाटास लागताच दोन्ही किटल्यांनी एकदम चाल केली, आणि शिट्टी होईतो एक उतारू तहानलेला राहिला नाही. येणेप्रमाणे फत्ते जाहली. पाटीवर दोहोंची नावे चढली; अगोदर कोणाचे, याविषयी वीरण्णा व नरसिंग यांचा तंटा रोज चहा पीत पीत चालू आहे, आणि गौरम्मा त्याचा निकाल देत नाहीत.