चिकट भाताची टोपली

"साखळी बुआलोई आणेल," असे ओरापिनने फोन ठेवत चियांग माईतल्या घरात जाहीर केले. तिचा मुलगा, नवरदेव कित्ती, हळूच म्हणाला, "आई, मावशी? एकटी? गाडीनं?"

कित्तीची शंका रास्त होती. बुआलोई मावशीला गाडीची भीती वाटे असे म्हणणे अपुरे ठरेल. तिला प्रत्येक गाडीची वेगळी भीती वाटे. आगगाडी रुळावरून उतरेल ही एक. व्हॅनचा चालक डुलकी काढेल ही दुसरी. मोटारसायकलीवर मागे बसणे म्हणजे तर जिवंतपणी स्वतःचे तेरावे पाहणे. गेल्या लग्नाला ती वाटेत दोनदा घाबरून उतरली होती आणि पोचली तेव्हा मांडवात ताटे धुणे चालू होते. त्या दिवसापासून ओरापिन, म्हणजे तिची थोरली बहीण, चार माणसांत तिचा विषय निघाला की फक्त हसायची. मावशीला ते हसणे शिव्यांपेक्षा जास्त लागे.

पण दोघी बहिणींच्या आईची सोन्याची साखळी शेजारच्या लाम्फून गावी मावशीच्याच पेटीत होती, आणि मुहूर्त होता सकाळी नऊ वाजून नऊ मिनिटांचा. त्या वेळी साखळी नवरीच्या गळ्यात पडली नाही, तर लग्न होणार की नाही हा पुढचा प्रश्न. बुआलोईला ओरापिनसमोर पुन्हा उभे राहता येणार नाही हे नक्की.

चोरांपासून बचाव म्हणून मावशीने रात्रभर विचार केला. पर्स हिसकावतात. कंबरेची पिशवी कापतात. रुमालाची गाठ तर कुणालाही दिसते. शेवटी पहाटे भात वाफवताना तिला सुचले. तिने झाकणाच्या बांबूच्या टोपलीत चिकट भाताचा थर दिला, त्यावर साखळी गुंडाळून ठेवली आणि वरून पुन्हा भात दाबला. भाताची टोपली कोण चोरणार? आपल्या हुशारीवर ती इतकी खूश झाली की लाम्फूनहून निघालेल्या निळ्या गाडीत तिला अर्धा तास भीतीच वाटली नाही.

शहरात उतरल्यावर लालगाडीची पाळी आली. या लालगाड्यांना ठरलेला रस्ता नसतो. समोरासमोर दोन लांब बाकडी, छपराला घंटीचे बटण. कुठे जायचे ते चालकाला सांगायचे, आणि त्याला पटले तर त्याने मान हलवायची. मावशीला जायचे होते जुन्या शहराच्या दक्षिण दरवाजापाशी, हायया वस्तीतल्या लग्नघरी. पण गाडीत आठ अनोळखी माणसे आधीच बसलेली. सोने कुठे चालले आहे ते त्यांना कशाला सांगायचे?

"दवाखान्यात," ती चालकाला म्हणाली. दवाखान्याची वाट दक्षिण दरवाजावरूनच जाते. तिथे आले की घंटी वाजवून उतरायचे, असा तिचा बेत.

चालक मून काका, पन्नाशीचा, गळ्यात पाच ताईत. "काय होतंय मावशी?"

"छातीत जरा धडधडतंय." हे मात्र खरे होते.

"बसा बसा. मी आहे ना!"

गाडी सुटली आणि पहिल्याच देवस्थानासमोर मून काकाने स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून जोडले. गाडी आपली आपण चालत राहिली. मावशीने टोपली छातीशी धरली. दुसरे देवस्थान वळणावर होते. तिथेही काकाची श्रद्धा तेवढीच निघाली.

तिसऱ्या थांब्यावर एक वृद्ध भन्ते चढले. बाया झटकन सरकल्या. भन्तेंना बाईचा स्पर्श होता कामा नये. सरकासरकीत मावशी आणि भन्ते यांच्यामध्ये वीतभर जागा राहिली. भन्तेंच्या मागोमाग एक आडदांड माणूस चढला आणि आत जागा नाही म्हणून पायरीवर दांडी धरून उभा राहिला. दोन्ही दंडांवर वाघ गोंदलेले. तो सारखा मावशीच्या टोपलीकडे बघत होता.

"कळलं याला," मावशी मनात म्हणाली. "भातातून वास आला सोन्याचा."

पुढे मोठे मंदिर आले. मून काकाचे हात स्टिअरिंगवरून सुटले. मावशीने घाबरून टोपली मधल्या वीतभर जागेत ठेवली आणि डोळे मिटून, जीव वाचव म्हणून, हात जोडले.

डोळे उघडले तेव्हा भन्तेंनी झोळीतून पिवळे फडके काढून टोपलीसमोर पसरले होते आणि त्याचे टोक धरून ते शांतपणे वाट बघत होते.

बाईच्या हातून भन्ते काही घेत नाहीत. तिने फडक्यावर ठेवायचे असते. समोर भाताची टोपली, मागे हात जोडलेली बाई. भन्तेंचा काही दोष नव्हता.

"ठेव ना गं," समोरची म्हातारी म्हणाली. "भन्ते थांबलेत."

"तसं नाही..."

"तसं नाही म्हणजे? दान द्यायला निघालीस आणि आता हात आखडतेस?"

आठही जण मावशीकडे बघू लागले. वाघवालाही. 'यात सोनं आहे' असे म्हणावे, तर तो ऐकणार. 'हे दान नाही' म्हणावे, तर भन्तेंचे पसरलेले फडके रिकामे उचलायला लावण्याचे पाप. मावशीने टोपली फडक्यावर ठेवली. भन्तेंनी मंगल म्हणायला सुरुवात केली. सगळ्यांनी हात जोडले. मून काकानेही.

मंगल संपले तसा वाघवाला पायरीवरून ओरडला, "काका, आधी हायया घ्या ना! आम्हाला उशीर होतोय."

"आधी दवाखाना," काका म्हणाला. "ही मावशी बघा कशी पांढरीफटक पडलीय. मेलीबिली तर माझ्या डोक्यावर. इथून आतल्या रस्त्यानं जातो."

"मग आम्हाला इथंच सोडा. रिक्षा करतो."

गाडी थांबली. भन्ते उतरले. वाघवाल्याने वाकून दोन्ही हातांनी टोपली घेतली आणि त्यांच्यामागून चालू लागला.  तो आता भन्तेंनाही लुटणार, असे मावशीला वाटले. तोवर गाडी सुटली होती. तिने उठून घंटीचे बटण दाबले. दाबतच राहिली.

"कळ आली वाटतं!" काका ओरडला. "धरा तिला!"

म्हातारीने तिला घट्ट धरले आणि काकाने वेग वाढवला. "थांबवा, थांबवा," असे मावशी म्हणत होती. "जीव थांबवा म्हणतीय बिचारी," असे म्हातारीने पुढे कळवले. या वेळी मून काकाने एकाही देवस्थानाला हात जोडले नाहीत, यावरून त्याची काळजी किती खरी होती ते दिसते.

दवाखान्याच्या दारात दोन परिचारिकांनी मावशीला उचलून चाकाच्या खुर्चीत बसवले. खुर्ची हळूहळू चालत होती. ढकलणारी परिचारिका दोन्ही हातांनी मुठी धरून होती. रस्ता गुळगुळीत, समोरून कुणी येत नव्हते. शहरात उतरल्यापासून पहिल्यांदाच मावशीला वाहनात बसून बरे वाटले. एक पळभर तिला वाटले, इथेच राहावे.

मग भिंतीवरचे घड्याळ दिसले. आठ चाळीस.

"मला काही झालेलं नाही!" म्हणत ती खुर्चीतून उठली.

"सगळे असंच म्हणतात मावशी. नाव सांगा."

मावशी पळाली. फाटकाबाहेर भाड्याने नेणारे मोटारसायकलवाले बसले होते. त्यातला एक उठून तिच्याकडे हेल्मेट धरून आला. मावशीने ते घातले, मागे बसली आणि डोळे मिटले. आयुष्यभर जे टाळले, ते आता तिला किरकोळ वाटत होते. ओरापिनला काय सांगायचे? 'साखळी दान केली' म्हणावे, तर ओरापिन हसेल. 'चोरीला गेली' म्हणावे, तरी हसेल.

"मावशी, माझी कंबर सोडा जरा. श्वास घेता येईना."

"तू हात सोडू नकोस. देवळं आली तरी सोडू नकोस."

लग्नघराच्या दारात पाहुण्यांचे स्वागत करत कोण उभे होते? वाघवाला. अंगात रेशमी सदरा, बाहीतून वाघाचे शेपूट बाहेर आलेले.

"अरे, दवाखान्यातल्या मावशी!" तो म्हणाला. "बऱ्या आहात? मी इनखाम, नवरीचा मामा. भन्तेंना आणायला गेलो होतो. तुमची टोपली बघून तेव्हाच वाटलं, हे लाम्फूनचं विणकाम. विचारणार होतो, पण तुम्ही माझ्याकडं असं बघत होता की म्हटलं नको."

 "टोपली?" मावशीने विचारले.

"आत. भन्ते जेवायला बसलेत."

आत नऊ भन्ते रांगेने बसले होते. वृद्ध भन्तेंच्या पुढ्यात टोपली उघडी होती. ओरापिन हात जोडून समोर बसली होती. तिने मावशीकडे पाहिले आणि भुवईनेच विचारले, 'साखळी?' घड्याळात नऊला पाच कमी. भन्तेंनी भाताचा एक गोळा मोडला, तोंडाकडे नेला आणि त्या गोळ्यामागून सोन्याची साखळी शेवईसारखी लांबत लांबत वर आली.

 भन्तेंचा हात हवेतच थिजला. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला. पन्नास वर्षांच्या व्रतात ज्या सोन्याला त्यांनी बोट लावले नव्हते, ते आता त्यांच्या बोटांना भातासकट चिकटले होते आणि सुटत नव्हते.

"उपासिके," ते कापऱ्या आवाजात म्हणाले, "भात मी घेतला. हे मी घेतलेलंच नाही. उचल. लवकर उचल."

सकाळपासून पहिल्यांदाच मावशीपेक्षा जास्त घाबरलेले माणूस तिच्यासमोर होते. तिने पुढे होऊन, बोटाला बोट न लागू देता, साखळी अलगद ओढून घेतली. भन्तेंनी सुटकेचा निःश्वास टाकला. मावशीनेही टाकला. तो जास्त लांब होता.

"साधू, साधू!" नवरीची आजी कोपऱ्यातून हात जोडून ओरडली. "बघा, याला म्हणतात रीत! भातातलं सोनं, तेही भन्तेंच्या मंगलातून आलेलं! आमच्याकडं हे कुणाला सुचलं नव्हतं."

नऊ वाजून नऊ मिनिटांनी साखळी नवरीच्या गळ्यात पडली. दोन कड्यांत भाताचे शीत अडकले होते. आजीने ते काढू दिले नाही. ओरापिन हसली नाही. उलट चार बायकांना सांगत होती, "माझी धाकटी बहीण. फार विचार करून करते सगळं."

जेवणे झाल्यावर आजीने मावशीचा हात धरला. "कित्तीच्या धाकट्या भावाच्या लग्नाला तुमच्या आईच्या बांगड्या आहेत म्हणे. त्या पण अशाच यायला हव्यात. अशाच गाडीतून, अशाच भातातून."

"आणेल की," ओरापिन अभिमानाने म्हणाली. "बुआलोईच आणेल."

  मावशीने शेजारी बसलेल्या इनखामकडे झुकून दबक्या आवाजात विचारले, "अहो, त्या दवाखान्यातली चाकाची खुर्ची लाम्फूनपर्यंत पाठवतात का हो?"